पिल्लाला जंताचं औषध सारखं द्यायलाच हवं का? पहिल्यांदा पिल्लू आणणाऱ्यांसाठी

पिल्लू घरी आलं की पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न येतो. डॉक्टर सांगतात, "पंधरा दिवसांनी पुन्हा जंताचं औषध." शेजारचे काका सांगतात, "आमच्याकडे चार कुत्री वाढली, कुणी औषध दिलं नाही." मग मोबाइलवर कुणीतरी लिहिलेलं सापडतं की शी तपासल्याशिवाय औषध देणं चुकीचं, उगाच पोटात रसायनं कशाला. नवीन माणूस गोंधळतो, आणि या गोंधळात पिल्लाचे महत्त्वाचे आठवडे निघून जातात.

मी रस्त्यावर सापडलेली, आईविना राहिलेली पिल्लं घरी सांभाळते आणि जरा मोठी झाली की चांगल्या घरी देते. त्यामुळे हा प्रश्न मला सतत विचारला जातो. माझं उत्तर असं: पहिले तीन महिने औषध द्यायचंच, तपासणीची वाट न पाहता, ठरलेल्या तारखांना. तीन ते सहा महिने दर महिन्याला. त्यानंतर मात्र आंधळेपणाने देत राहायचं नाही. कुत्रा काय खातो, कुठे फिरतो, घरात लहान मुलं आहेत का, हे बघून ठरवायचं. पिसवा आणि गोचीड यांचा हिशोब पूर्ण वेगळा आहे, तो पुढे सांगते.

१. आधी समजून घ्या, जंत येतात कुठून

"आमचं पिल्लू घराबाहेर गेलंच नाही, मग त्याला जंत कुठून होणार?" हे मी सर्वांत जास्त ऐकलेलं वाक्य. पिल्लाला जंत बाहेरून यावे लागत नाहीत. ते आईकडून येतात.

कुत्र्यांमधला मुख्य गोलकृमी म्हणजे टॉक्सोकॅरा. याच्या अळ्या कुत्रीच्या स्नायूंमध्ये आणि इतर अवयवांमध्ये महिनोन्‌महिने निपचित पडून राहतात. तिच्या शीत काही दिसत नाही, ती धडधाकट दिसते. ती गाभण राहिली की शेवटच्या तीन आठवड्यांत या अळ्या जाग्या होतात आणि नाळेवाटे गर्भातल्या पिल्लांमध्ये शिरतात. म्हणजे पिल्लू जन्मतानाच जंत घेऊन येतं. जन्मल्यावर त्या अळ्या फुफ्फुसांत जातात, तिथून खोकल्याबरोबर घशात, गिळल्या की आतड्यात, आणि तिथे मोठ्या होतात. पिल्लू तीन आठवड्यांचं होईपर्यंत त्याच्या शीत जंतांची अंडी पडायला लागलेली असतात.

दुसरा अंकुशकृमी. हा आकाराने छोटा, पण मला याचीच जास्त धास्ती वाटते. हा आतड्याच्या भिंतीला दात रोवून रक्त पितो. याच्या अळ्या आईच्या दुधातून येतात, शिवाय ओल्या मातीतून पंजाच्या कातडीतूनही शिरतात. दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लाच्या अंगात रक्त असतं किती? जंत भरपूर असतील तर शीत अंडी दिसण्याच्या आधीच पिल्लू रक्त कमी होऊन दगावू शकतं. "आधी तपासू, मग देऊ" हा सल्ला मोठ्या कुत्र्याला लागू पडतो. एवढ्याशा पिल्लाच्या बाबतीत तपासणी रोगाच्या मागून धावते.

२. वय आणि वजन नक्की करा

घरच्या कुत्रीची पिल्लं असतील तर तारीख माहीत असते. सापडलेल्या पिल्लाचं वय दातांवरून आणि डोळ्यांवरून काढता येतं. डोळे साधारण दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. तिसऱ्या आठवड्यात हिरड्यांवरून बोट फिरवलं तर दुधाच्या दातांची टोकं लागायला लागतात. सहा ते आठ आठवड्यांत दुधाचे सगळे दात आलेले असतात. डोळे उघडलेत पण दात नाहीत, म्हणजे पहिला डोस द्यायची वेळ आली आहे.

वजन अंदाजाने धरू नका. पोट फुगलेलं पिल्लू दिसतं त्यापेक्षा हलकं निघतं, आणि केसाळ पिल्लाचं तर विचारूच नका. लहान पिल्लू स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डब्यात ठेवून वजन करा. मोठं झालं की स्वतः त्याला घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, फरक लिहून ठेवा. हे प्रत्येक डोसच्या दिवशी पुन्हा करायचं, कारण पंधरा दिवसांत पिल्लाचं वजन सहज दीडपट होतं आणि मागचा डोस कमी पडतो.

३. काय काय जवळ ठेवायचं

- लसीकरणाची पुस्तिका. त्यात जंताच्या औषधाचं वेगळं पान असतं. तारीख, त्या दिवशीचं वजन, औषधाचं नाव, किती दिलं, हे चारही रकाने भरा. रेबीजच्या लसीची नोंद याच पुस्तिकेत होते आणि महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढताना ती मागतात, तेव्हा पुस्तिका हरवू देऊ नका.
- १ मिली, २ मिली आणि ५ मिलीच्या सुई नसलेल्या सिरिंज
- स्वयंपाकघराचा काटा
- बारीक दातांची फणी, लिखा काढायला वापरतात तीच
- चिमटा आणि स्पिरिटची छोटी बाटली, गोचिडांसाठी
- शीचा नमुना न्यायला झाकणाची स्वच्छ डबी, औषधाच्या दुकानात मिळते
- हातमोजे किंवा साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्या

पिल्लू दुकानातून किंवा ब्रीडरकडून घेतलं असेल तर तिथून एकच गोष्ट हट्टाने मागा: जंताचं औषध कोणत्या तारखेला, कोणतं आणि किती दिलं. "डीवर्मिंग झालंय" हे तोंडी उत्तर पुरेसं नाही. पंचेचाळीस दिवसांच्या पिल्लाच्या पुस्तिकेत एकच नोंद असते आणि घेणाऱ्याला वाटतं काम झालं. तोपर्यंत खरं तर तीन डोस व्हायला हवेत. नोंद नसेल तर ते दिलेलंच नाही असं धरा आणि डॉक्टरांशी बोलून सुरुवातीपासून करा.

४. तारखा अशा धरा

पहिला डोस दोन आठवड्यांना. मग चार, सहा आणि आठ आठवड्यांना. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला एक. जगभरातले पशुवैद्यक थोड्याफार फरकाने हेच वेळापत्रक पाळतात.

एकदा औषध दिलं, जंत पडले, मग पुन्हा का? कारण ही औषधं मुख्यतः आतड्यातले जंत मारतात. त्या वेळी फुफ्फुसांत किंवा वाटेत असलेल्या अळ्यांपर्यंत ती नीट पोहोचत नाहीत. पुढच्या दहा-पंधरा दिवसांत त्या अळ्या आतड्यात उतरतात आणि पुन्हा मोठ्या होतात. दुसरा डोस त्यांच्यासाठी असतो, तिसरा त्यांच्याही मागून येणाऱ्यांसाठी. शिवाय दूध चालू असेपर्यंत आईकडून नवा पुरवठा होत असतो. म्हणून मधला एक डोस चुकला की साखळी तुटते. चुकलाच तर आठवल्या दिवशी द्या आणि पुढचे पंधरा दिवस तिथून मोजा; दुप्पट देऊन भरपाई करायची नाही.

आई जवळ असेल तर पिल्लांबरोबर तिलाही औषध द्या, त्याच दिवशी. कुत्री पिल्लांना चाटून स्वच्छ करते, त्यांची शी खाते आणि तिला पुन्हा लागण होते. हे फार जण विसरतात. पिल्लांना वेळेवर देतात आणि आई तशीच राहते. घरची कुत्री गाभण असेल तर शेवटच्या आठवड्यांत तिला द्यायचाही एक औषधक्रम आहे, त्याने पिल्लांमध्ये जाणाऱ्या अळ्या बऱ्याच कमी होतात. तो मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

लसीच्या बाबतीत एक सोय पाहा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान असते. तिच्या आधी साधारण आठवडाभर जंताचं औषध झालेलं असावं, असं बहुतेक डॉक्टर बघतात. पण लसीआधीचा तो एक डोस म्हणजे सगळा कोर्स नव्हे.

५. कोणतं औषध कशावर चालतं

दुकानदार "जंताचं औषध" म्हणून काहीही देतो. बाटलीवरचं नाव वाचायला शिका, ब्रँडचं नाही, आतल्या औषधाचं.

पिपराझिन हे जुनं, स्वस्त औषध. गोलकृमीवर चालतं, अंकुशकृमीवर त्याचा भरवसा नाही. आपल्याकडच्या दमट हवेत अंकुशकृमी भरपूर, त्यामुळे नुसतं पिपराझिन देऊन निश्चिंत होऊ नये.

पायरँटेल गोलकृमी आणि अंकुशकृमी दोन्हींवर चालतं, अगदी लहान पिल्लालाही मानवतं. पिल्लांच्या बऱ्याच पातळ औषधांत हे असतं, बहुधा फेबँटेलबरोबर. फेनबेंडाझोलही चांगलं, पण ते लागोपाठ तीन दिवस द्यावं लागतं. एक दिवस देऊन सोडलं तर उपयोग अर्धवट. पट्टकृमीसाठी, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंतांसाठी, प्राझिक्वांटेल हवं, वरची औषधं तिथे पुरत नाहीत. जरा मोठ्या पिल्लांच्या गोळीत पायरँटेल, फेबँटेल आणि प्राझिक्वांटेल तिन्ही एकत्र असतात, आणि ती गोळी बहुधा दहा किलोला एक अशी असते. म्हणजे अडीच किलोच्या पिल्लाला पाव.

आणि आता काय द्यायचं नाही ते.

घरात मुलांसाठी आणलेली अल्बेंडाझोलची गोळी किंवा सिरप पिल्लाला देऊ नका. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला, १० फेब्रुवारीला, अंगणवाड्या आणि शाळांतून मुलांना हीच गोळी मिळते, त्यामुळे ती ओळखीची आणि निरुपद्रवी वाटते. माणसाच्या मुलाला ती चालते. कुत्र्यांमध्ये मात्र तिच्यामुळे अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्तपेशी कमी झाल्याची उदाहरणं आहेत, आणि हातात याहून सुरक्षित औषधं असताना हा धोका घ्यायचं कारण नाही.

गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन तर मुळीच नको. ते गाईच्या वजनाला धरून बनवलेलं असतं, पिल्लासाठी एक थेंबसुद्धा जास्त होऊ शकतो. कोली या मेंढ्या राखणाऱ्या जातीच्या कुळातल्या कुत्र्यांमध्ये एका जनुकातल्या दोषामुळे हे औषध थेट मेंदूत जातं आणि झटके येतात, कुत्रा बेशुद्ध पडतो. गावाकडे "जंत, गोचीड, खरूज, सगळं एका सुईत" म्हणून हे सर्रास टोचतात. नको म्हणा.

लसूण नको. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि अंकुशकृमीने आधीच रक्त प्यायलेलं असेल तर आगीत तेल. वावडिंग, कडुलिंबाचा रस, हळद हे सगळं श्रद्धेने देणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं पिल्लावर प्रेम असतं यात शंका नाही. पण यांतल्या कशानेही जंतांचा भार भरवशाने उतरत नाही आणि मधल्या काळात पिल्लू खंगत जातं. औषधानंतर एरंडेल पाजायची जुनी सवयही सोडा. आताच्या औषधांना उपास लागत नाही आणि जुलाब करवावे लागत नाहीत. इवल्या पिल्लाच्या अंगातलं पाणी जायला एक दिवस पुरतो.

६. पाजायचं कसं

पातळ औषधाची बाटली चांगली हलवा, कारण औषध तळाशी बसतं. न हलवता काढलं तर पहिल्या पिल्लाला नुसतं पाणी आणि शेवटच्याला गोळा मिळतो. पाकिटावर किलोला एक मिली लिहिलं असेल तर १.४ किलोच्या पिल्लाला १.४ मिली. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढा.

पिल्लाला मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळून घ्या, पुढचे पाय आत. डोकं सरळ ठेवा, आकाशाकडे वर करू नका. ओठाचा कोपरा बोटाने जरा बाजूला ओढला की गाल आणि दात यांच्यामध्ये एक खाच दिसते. सिरिंजचं टोक तिथे ठेवा आणि थोडं थोडं सोडा. पिल्लाने जीभ हलवून गिळलं की पुढचं. घशात सरळ पिचकारी मारली तर औषध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, आणि असं पिल्लू वाचवणं फार अवघड असतं. सगळं जाऊन दोन मिनिटं झाली की नाकातून फेस किंवा खोकला नाही ना, ते बघा आणि मगच खाली ठेवा.

औषध पोटात जाताच उलटी झाली तर स्वतःच्या मनाने लगेच दुसरा डोस देऊ नका. किती वेळाने झाली ते डॉक्टरांना सांगा, तेच ठरवतील.

एकाच वेताची पाच-सहा पिल्लं असतील तर ज्याला दिलं त्याच्या मानेच्या केसांना कुंकवाचं नाही, साध्या खाण्याच्या रंगाचं बोट लावा. सगळी सारखीच दिसतात आणि एकाला दोनदा, एकाला काहीच नाही, असं सहज होतं.

७. पुढचे दोन दिवस काय बघायचं

शीतून पांढरट, गुंडाळलेले, कधी वीतभर लांब जंत पडतील. काही जिवंत, वळवळणारे. बघून पोटात ढवळतं, पण हे चांगलं लक्षण आहे. शी एखाद्या दिवशी पातळ होते. काहीच पडलं नाही तरी औषध वाया गेलं असं नाही. अंकुशकृमी इतके बारीक असतात की डोळ्यांना सहसा दिसत नाहीत आणि बरेचसे जंत पोटातच विरघळतात.

दर डोसच्या दिवशी हिरड्या बघायची सवय लावा. ओठ उचला, हिरडी गुलाबी आहे का? बोटाने दाबून सोडली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरड्या पांढरट, शी काळी आणि चिकट, पिल्लू मलूल, असं दिसलं तर हे घरी करायचं काम राहिलेलं नाही. त्याच दिवशी दवाखाना. कदाचित सलाइन, लोह किंवा रक्तही द्यावं लागेल.

आता सर्वांत घातक सापळा. लस न झालेलं पिल्लू उलट्या करतंय, रक्ताळ आणि उग्र वासाची जुलाब होतेय, खात नाही. उलटीत एखादा जंतही पडला. घरचे म्हणतात, "जंतच झालेत, औषध देऊ." अशा पिल्लाला पार्वो, म्हणजे विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार, झालेला असू शकतो. जंत बहुतेक पिल्लांत असतातच, त्यामुळे जंत दिसला म्हणून पार्वो नाही असं होत नाही. पार्वोमध्ये चोवीस तासांची दिरंगाईसुद्धा जिवावर बेतते. दवाखान्यात काही थेंब शीवर झटपट चाचणी होते, तिचा निकाल काही मिनिटांत मिळतो. उलट्या करणाऱ्या, मलूल पिल्लाला घरी जंताचं औषध पाजायचंच नाही.

८. शीची तपासणी कधी करायची

मी वर तपासणीची वाट बघू नका म्हटलं, याचा अर्थ तपासणी निरुपयोगी असा नाही. औषधं वेळेवर देऊनही शी पातळच, आव पडते, वजन वाढत नाही, तर तपासणी हवीच. अशा वेळी बहुधा जिआर्डिया किंवा कॉक्सिडिया निघतात. हे एकपेशीय जीव आहेत आणि कॉक्सिडियावर जंताच्या नेहमीच्या औषधाचा काहीही परिणाम होत नाही, त्याला वेगळं औषध लागतं. लोक इथे जंताचंच औषध पुन्हापुन्हा देत राहतात.

नमुना ताजा हवा, सकाळचा, मातीला न लागलेला वरचा भाग, लिंबाएवढा नको, सुपारीएवढा पुरे. काही तासांत पोहोचवा, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. जिआर्डियाची शंका असेल तर तीन दिवसांचे नमुने मागतात, कारण तो रोज शीत उतरत नाही. ही तपासणी खासगी दवाखान्यांत होते, तशीच परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या महाविद्यालयांच्या दवाखान्यांत होऊ शकते. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथले डॉक्टर गुरं बघतात म्हणून कुत्रं नेऊ नये असं काही नाही, चौकशी जरूर करा.

पट्टकृमी मात्र तपासणीत बऱ्याचदा निसटतात. त्यांचे तुकडे शेपटीखालच्या केसांना तांदळाच्या दाण्यासारखे चिकटलेले दिसतात, ताजे असतील तर हलतातही. ते दिसले तर प्राझिक्वांटेल द्या आणि लगेच पिसवांकडे वळा, कारण हा पट्टकृमी पिसू गिळल्याने होतो. पिसवा राहिल्या तर काही आठवड्यांत दाणे परत दिसणार.

९. पिसवा आणि गोचीड

इथे "सगळ्यांना दर महिन्याला" असं मी म्हणणार नाही. पाचव्या मजल्यावरच्या, अजून खाली न उतरलेल्या पिल्लाला आणि गोठ्याशेजारी वाढणाऱ्या पिल्लाला एकच नियम कसा लावणार? पण आपल्या हवेत, विशेषतः पावसाळ्याच्या आगेमागे, बाहेर फिरणाऱ्या पिल्लाला संरक्षण लागतंच.

पिसवा आहेत का ते असं बघा. पिल्लाला ओल्या पांढऱ्या कागदावर उभं करा आणि कमरेपासून शेपटीकडे फणी फिरवा. काळे कण पडतील. ते ओल्या कागदावर विरघळून तांबूस डाग सोडायला लागले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डाग काळाच राहिला तर साधी धूळ.

आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला कोमट पाण्याने सौम्य शाम्पू लावून अंघोळ, लगेच कोरडं करणं, आणि दिवसातून दोनदा फणी. एवढंच घरी करा. भरपूर पिसवा असतील तर फिप्रोनिलचा एक स्प्रे अगदी लहान पिल्लांनाही चालतो, पण किती फवारे ते डॉक्टरांकडून समजून घ्या. मानेवर टाकायचे थेंब आणि चघळायच्या गोळ्या बहुतेक आठ आठवड्यांनंतरच, आणि गोळ्यांना दोन किलोच्या आसपास वजनाची अटही असते. पाकिटावर वयाची आणि वजनाची अशा दोन्ही ओळी वाचा. या नव्या गोळ्या, म्हणजे फ्लुरालानर, अफोक्सोलानर वगैरे, फार उपयोगी आहेत. मी स्वतः त्या वापरते. मात्र काही कुत्र्यांना त्यांनी झटके येऊ शकतात असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला आहे, त्यामुळे पिल्लाला आधी कधी झटका आला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गोठ्यात फवारायचं डेल्टामेथ्रिन किंवा अमित्राझ "थोडं पाणी घालून" पिल्लाला लावू नका. पिल्लू स्वतःला चाटतं. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेलं काहीही कुत्र्याला लावायच्या आधी दहा वेळा विचार करा, मांजराला ते विषच आहे. रॉकेल, डांबराच्या गोळ्या, कापूर हेही नकोत.

अंगावरचा गोचीड चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरा, न पिळता, न झटकता सरळ ओढा आणि स्पिरिटच्या बाटलीत टाका. बोटांनी चिरडू नका. जागेला जंतुनाशक लावा. रक्त पिऊन टम्म झालेली मादी अंगावरून उतरते आणि भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत हजारो अंडी घालते, तेव्हा पिल्लू झोपतं तिथल्या भेगा बुजवा आणि अंथरूण उकळत्या पाण्यात धुवा. गोचीड काढल्यानंतर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, खाणं बंद, नाकातून रक्त, गडद लघवी यांपैकी काही दिसलं तर एर्लिचिया किंवा बबेसियासाठी रक्त तपासायला न्या. लोक याला गोचीड ताप म्हणतात. वेळेत कळला तर बरा होतो.

१०. अंगण आणि घरातली मुलं

टॉक्सोकॅराचं अंडं शीतून पडलं की लगेच लागण करत नाही. ते मातीत पिकायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. अंकुशकृमीच्या अळ्या मात्र आठवडाभरातच तयार होतात. म्हणून शी रोजच्या रोज उचलली की अर्ध्याहून अधिक काम होतं, आणि याला काही पैसे लागत नाहीत. राहिली तर टॉक्सोकॅराची अंडी मातीत वर्षानुवर्षं तग धरतात, फिनेल टाकून मरत नाहीत. पिल्लांची जागा फरशीची किंवा कोब्याची, ऊन येणारी असू द्या; अंकुशकृमीच्या अळ्यांना ओली, सावलीतली माती लागते.

मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हातावाटे ही अंडी पोटात गेली तर अळ्या यकृतात, फुफ्फुसांत, क्वचित डोळ्यातही जातात. डोळ्याला झालेली इजा भरून येईलच असं नाही. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीत शिरून नागमोडी, खाजणाऱ्या रेषा उमटवतात. म्हणून पिल्लाला मुलांपासून तोडू नका, त्याला औषध वेळेवर द्या, मुलांचे हात जेवणाआधी साबणाने धुवायला लावा आणि वाळूचा ढीग असेल तर झाकून ठेवा. शाळेतल्या जंताच्या गोळीवर इथे विसंबता येत नाही.

११. सहा महिन्यांनंतर

आता पंधरा दिवस, महिना हे विसरा. घरचं शिजवलेलं खाणाऱ्या, पट्ट्यावर फिरणाऱ्या कुत्र्याला वर्षातून तीन-चार वेळा औषध किंवा तितक्याच वेळा शीची तपासणी, आणि जंत निघाले तरच औषध. दोन्ही मार्ग योग्य आहेत. मला दुसरा जास्त पटतो. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये नेहमीच्या औषधांना न जुमानणारे अंकुशकृमी आढळले आहेत, आणि गरज नसताना औषध देत राहणं हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

उंदीर-घुशी मारणारा, उकिरड्यावर जाणारा, मोकळा फिरणारा कुत्रा असेल तर दर तीन महिन्यांनी औषध द्यायचा नियम सोडू नका. आणि मटणाच्या दुकानातून कुत्र्यासाठी कच्ची आतडी, फुप्फुस, काळीज आणत असाल तर ते आजपासून पूर्ण शिजवूनच घाला. शेळ्या-मेंढ्यांच्या अवयवांतल्या गाठींतून कुत्र्याला एक इतका बारीक पट्टकृमी होतो की त्याचे तुकडे डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि त्याच्या अंड्यांमुळे माणसाच्या यकृतात, फुफ्फुसात पाण्याच्या मोठ्या गाठी होतात. अशा कुत्र्याला प्राझिक्वांटेल किती आठवड्यांनी द्यायचं ते डॉक्टरांना तो काय खातो हे खरं सांगून ठरवा.